चौथ्या नंबरचं पोस्टर

नेदरलँड्समधल्या आल्मेरेच्या घरात नीळकंठने जर्मन सैन्याची पोस्टरं जमवायला सुरुवात केली, तेव्हा शामलाने एवढंच बजावलं होतं, "देवाच्या भिंतीवर नकोत हं." युद्धकाळातली मूळ छापील पोस्टरं ती, नव्या शिपायांना बंदूक कशी उघडायची, ट्रकचं इंजिन कसं जोडायचं ते शिकवणारी. नीळकंठला लढाईचं कौतुक नव्हतं. त्याचे वडील मिरजेला आयटीआयमध्ये शिकवायचे, वर्गासाठी यंत्रांचे तक्ते हाताने काढायचे. ते तक्ते सगळे पुरात गेले. या पोस्टरांतल्या रेघा बघितल्या की त्याला वडिलांचा हात दिसायचा.

हा नाद लावला त्याच्या मित्राने, आशुतोषने. शनिवारी दोघं जुन्या बाजारांतून हिंडायचे. खरं-खोटं ओळखायची युक्तीही आशुतोषचीच: जांभळ्या उजेडाची टॉर्च मारायची. तेव्हाचा कागद काळपट राहतो, अलीकडचा निळाशार चमकतो. वाखनिंगनच्या बाजारात गिअरचं पोस्टर सापडलं, कोपऱ्यात चारचा आकडा. टॉर्च मारली, कागद काळपट. अगदी असाच गिअर वडिलांनी काढला होता. नीळकंठने घासाघीस न करता पैसे मोजले.

"फ्रेम मी करून आणतो, नील्या," आशुतोष म्हणाला. आधीच्या सहा फ्रेमाही त्यानेच करून आणल्या होत्या. मित्राने आणलेल्या वस्तूवर पुन्हा टॉर्च कोण मारतं?

खंडेनवमीच्या सकाळी बाहेर अजून उजाडलं नव्हतं. शामलाने पाटावर पूजेला विळी, कात्री, लॅपटॉप, सायकलचा पाना मांडला, शेजारी ती टॉर्च. कुंकू लावताना तिचं बोट बटणावर पडलं.

"अहो, तुमचं पोस्टर बघा कसं उजळलंय!"

समोरच्या भिंतीवर गिअर निळाशार पेटला होता.

दसऱ्याला आशुतोष सोनं द्यायला आला. इथे आपटा कुठला, बागेतली पानं. नीळकंठने त्याला गिअरच्या पोस्टरपाशी नेऊन टॉर्च मारून दाखवली.

"फ्रेमवाल्याने बदललं असेल रे."

"नंबर दे त्याचा. आत्ता फोन लावतो."

आशुतोष पानं चाळवत राहिला. मग म्हणाला, "सहाच्या सेटमधली पाच माझ्याकडे होती. चौथंच नव्हतं. दहा वर्षं शोधतोय, नील्या."

"मागितलं असतंस तर?"

"दिलं असतंस?"

नीळकंठने टॉर्च विझवून परत पाटावर ठेवली.

"आणि तुला काय," आशुतोष म्हणाला, "रेघाच बघायच्या ना? त्या तशाच आहेत. कॉपी एकदम फर्स्ट क्लास केलीय."

शामलाने सोन्याचं ताट पुढे आणलं होतं, ती तशीच मागे फिरली. नीळकंठने आशुतोषच्या हातातली पानं घेतली, कारण सणाला कुणाला नाही म्हणायचं नसतं. देवापुढे ठेवली. गळाभेट मात्र घेतली नाही.

आशुतोषच्या मागे दार लागलं. पाटावरची टॉर्च त्याने उचलली, कुंकू अजून तसंच होतं. उरलेल्या सहा फ्रेमा ओळीने टांगलेल्या होत्या.

"शामला," तो म्हणाला, "पडदे ओढ आणि दिवा बंद कर."