अक्काची भूक

अक्का जेवताना कधी मान वर करायची नाही. वर बघितलं, की कुणाची तरी नजर तिच्या ताटावर असायचीच.

अक्का म्हणजे माझी आत्या. लग्न झालं नाही, जन्म पारोळ्याला आमच्याच घरात गेला. लहानपणापासून अंगानं दांडगी. गोठा, दळण, धुणं सगळं ओढायची, तरी घरात एकच बोल, "हिला जिभेवर ताबा नाही."

"माले भूक लागस रे भाऊ," ती मला सांगायची. "जेवण व्हयनं तरी लागस." मी हसायचो.

एका उन्हाळ्यात तिनं तीन महिने अर्धी भाकरी आणि वरणाच्या पाण्यावर काढले. गोठ्यात चक्कर येऊन पडली. वजन उतरलं ते थोडंच, आणि पुढे होतं तिथं परत आलं. जळगावच्या डॉक्टरांनी तिच्यासमोरच मला विचारलं, "चोरून खातात का?" परतताना एसटीत ती म्हणाली, "तुले बी तसंच वाटस का रे?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच कुलूप आणलं आणि आईच्या हातात ठेवलं. "फडताळाले लावी दे, वहिनी." आईनं लावलं. आजही मला त्या कुलपाचा संताप येतो, आईचा येतो, सगळ्यात जास्त माझा येतो.

मधुमेहानं अक्का गेली. दहाव्याला आलेले लोकही म्हणाले, "खाऊन खाऊन गेली."

मग माझी मुलगी शर्वरी तशीच वाढू लागली. नाशिकच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, "जनुकातला दोष आहे. पोट भरल्याचा निरोप देणारं संप्रेरक शरीरात तयार होतं, पण मेंदूला तो निरोप कळत नाही. तिची भूक खरी आहे. घरात आधी कुणाला असं होतं का?"

आई रडायला लागली. मला रडूही येईना. इतकी साधी गोष्ट अक्का आयुष्यभर सांगत होती, आणि आम्हाला ती कळायला कागदावर छापून यावी लागली!

मागच्या महिन्यात बोदवडला लग्नात एका नातेवाईक बाईंनी शर्वरीच्या ताटाकडे बघून म्हटलं, "पोरी, आता पुरे कर."

मी पंगतीतून उठलो. "ती आजारी आहे, हावरी नाही," मी मोठ्यानं म्हणालो. "आमची अक्कासुद्धा हावरी नव्हती."

शर्वरीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला मात्र तिच्याकडे बघवेना.