झुलाल फिटरच्या विहिरीचं पाणी

झुलालनानांना आपल्या विहिरीचा गर्व होता, आणि तो लपवण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही. नरडाण्याच्या आसपासच्या वीस गावांत त्यांनी विहिरींत मोटारी सोडल्या होत्या. कुठे किती फुटांवर पाणी लागतं, कुठलं खारं, कुठलं मचूळ, सगळं तोंडपाठ. पण त्यांच्या मते पाणी म्हणावं असं पाणी होतं ते एकाच विहिरीला, त्यांच्या स्वतःच्या अंगणातल्या. पाहुणा आला की मोटार सुरू करायची, पेला थेट पाइपाखाली धरायचा आणि म्हणायचं, “काच शे, काच.” शेजारच्या गिरधरच्या घरी पाणी पिवळं असायचं. तीस वर्षं नाना त्याला ओट्यावरून टोचत आले, की लेका, चहा पितोस की गंज. गिरधर हसायचा. गल्लीतल्या बायकाही हसायच्या, पण त्यांचं हसणं जरा निराळं होतं. नाना काही बायकांच्या हसण्याकडे लक्ष देणारे गृहस्थ नव्हते.

गेल्या पौषात त्यांची बायको भागाबाई गेली. सकाळी छातीत कळ आली, धुळ्याच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं, तिसऱ्या दिवशी घरी आणलं ते अंगणात टेकवायलाच. दिवसकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, पाण्याचे जार बाहेरून येत होते. मग पाहुणे पांगले, मुलगी नूतन एरंडोलला सासरी परत गेली, आणि नाना एकटे राहिले.

त्या दिवशी त्यांनी जन्मात पहिल्यांदा घरचा माठ भरला. मोटारीतून पाणी आलं ते नेहमीसारखंच स्वच्छ. सकाळी झाकण काढलं तर वर तांबूस साय आणि तळाला लाल गाळ. चहा केला तर शाईसारखा काळा. पांढरं धोतर धुतलं, ते हळदीत बुडवल्यासारखं निघालं. नाना माठापुढे बसून राहिले. विहिरीचं काय बिघडलं असेल, हा विचार त्यांच्या फिटरच्या डोक्यात आलाच नाही. आला तो दुसराच.

“भागी गई, आनि इहीर रडाले लागनी,” ते गिरधरला म्हणाले.

गिरधर घाईने उठून घरी गेला. पण ही गोष्ट आठवड्यात गावभर झाली. म्हातारी माणसं विहिरीकडे बघून हात जोडू लागली. नानांनाही त्यात आधार सापडला. घरात आपल्याखेरीज आणखी कोणीतरी तिच्यासाठी झुरतंय, असं वाटून ते तेच पिवळं पाणी पीत राहिले. कोणी म्हणालं की फिल्टर बसवा, तर त्यांना राग यायचा. वाचणाऱ्याला हसू येईल. येऊ द्या. ज्याच्या घरात दुसरा आवाज उरलेला नाही, तो माणूस कशाच्याही शेजारी बसतो.

मग नूतनला दिवस गेल्याचा फोन आला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही आपल्याकडची रीत. आई गेली म्हणून पोरीचं माहेर जाऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट आता भागाबाईसाठी करण्यासारखी उरली होती, आणि नानांनी ती मनाशी घट्ट धरली. कामाला बाई बघितली, खाट विणून घेतली, डिंक-खारीक आणून ठेवली. पाचव्या महिन्यानंतर विहीणबाई दिपमाला स्वतः घर बघायला आल्या. बाई चांगल्या. त्यांनी पाण्याचा हंडा बघितला आणि पेला ओठाला न लावता खाली ठेवला. मग अगदी हळू शब्दांत म्हणाल्या की नानांनी राग मानू नये, पण अशा पाण्यात तान्ह्याला आंघोळ घालणार कशी, बाळंतपण एरंडोललाच होऊ द्या. नानांचा चेहरा उतरला. त्यांनी पंधरा दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी बाटलीत पाणी भरून त्यांनी जळगावची एसटी पकडली. पंप-पाइपांच्या बाजारातली जुनी ओळख होती. तिथून त्यांना तनवीरच्या दुकानाचा पत्ता मिळाला. तिथे पाणी आधी तपासत आणि मगच ते शुद्ध करायचं यंत्र दाखवत. तनवीर तिशीतला, सावकाश बोलणारा माणूस. बाटलीतलं पाणी तपासून झाल्यावर नानांनी भिंतीवरच्या छोट्या मशीनकडे बोट केलं, तर त्यानेच नको म्हटलं. एवढ्या लोहाने ते महिन्यात तुंबेल, म्हणाला, आणि बाळाच्या आंघोळीला, कपड्यांना त्याचा उपयोग काय? घरभराच्या पाण्याला मोठी टाकीच हवी.

नानांनी विचारलं की आठ महिन्यांपूर्वी पाणी काचेसारखं होतं, तर मग विहिरीत हे लोह आलं कुठून?

“नाना, हे खडकातलं आहे,” तनवीर म्हणाला. “विहीर खणल्या दिवसापासून असणार. उपसल्यावर पाणी स्वच्छच दिसतं. हवा लागली की लाल पडतं.”

नाना म्हणाले, शक्य नाही. तीस वर्षं माठातलं पाणी पितोय.

तनवीरने वाद घातला नाही. तो टाकीपाशी गेला आणि काम समजावू लागला. पहिल्यांदा पाणी उंचावरून पाडायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. मग ते निवांत ठेवायचं, म्हणजे गंज धरून खाली बसतो. मग वाळूतून गाळायचं. आणि ती वाळू रोज उलट्या पाण्याने धुवायची, नाहीतर सगळं फुकट.

नाना ऐकत होते, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे टाकी नव्हतीच. अंगणातली दोन पिंपं होती. रोज दुपारी भागाबाई खांद्याच्या वर हंडा उचलून पाणी एका पिंपातून दुसऱ्यात ओतायची, परत पहिल्यात ओतायची. मग झाकून ठेवायची. सकाळी वरचं पाणी चौपदरी फडक्यातून गाळून माठ भरायची, आणि फडकं घेऊन परसात धुवायला जायची. नानांनी हे हजारदा बघितलं होतं. सोवळ्याचं वेड आहे बाईला, असं म्हणून सोडून दिलं होतं. एकदा तर चारचौघांत विचारलं होतं, पानीले बी आंघोळ घालस का?

मग त्याहून जुनं आठवलं. विहीर नवीन होती तेव्हा ती म्हणाली होती, पाणी लाल पडतंय. नवी विहीर आहे, होईल साफ, असं त्यांनी सांगितलं. महिन्याने माठातलं पाणी पिऊन त्यांनीच जाहीर केलं, बघ, झालं की नाही? आणि गावभर सांगत सुटले. त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. नवरा जगाला काय सांगून बसलाय, हे तिला कळलं होतं.

विहीर रडत नव्हती. विहिरीला कोण मेलं याचं काही नव्हतं.

नाना दुकानातल्या स्टुलावर बसले आणि रडले. रुमाल नव्हता, टोपीने तोंड पुसलं. तनवीरने शटर अर्धं खाली ओढलं.

टाकी त्यांनी घेतली. आठवड्यात ती आली, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने बसवली, रोज सकाळी वाळू धुऊ लागले. दिपमालाबाईंनी आल्यावर पेलाभर पाणी पिऊन बघितलं आणि नूतनला सातव्या महिन्यात ठेवून गेल्या. त्याच संध्याकाळी गिरधर ओट्यावर आला, म्हणाला, थांबली का रडायची? नानांनी त्याला सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. गिरधर मान खाली घालून म्हणाला, मनी बायको सांगे माले, पहिलेपासून. तुले कसं सांगू?

तो गेल्यावर नूतन भाजी निवडत बसली होती, तिच्यासमोर नाना बसले. तुला माहीत होतं का, त्यांनी विचारलं.

तिला लहानपणापासून माहीत होतं. आईबरोबर फडकं तीच धरायची. “माय सांगेल व्हती, नानाले सांगू नको,” ती म्हणाली. “नाना खूश शेत, ऱ्हाऊ दे.”

“कधी कटाळनी नही का ती?”

नूतनने थोडा विचार केला. “नही. एकदा फक्त बोलनी व्हती, खांदा दुखस म्हनीन. तुम्ही बाम आनी दिधा व्हता.”

नानांना ते आठवलं. बाजारातून येताना आणला होता, डबी तिच्या हातात दिली होती. कशाने दुखतो, हे विचारलं नव्हतं. त्यानंतर ती खांद्याचं कधी बोलली नाही, म्हणून त्यांनीही विषय सोडून दिला होता.

“मंग बरा व्हयना व्हता का खांदा?” त्यांनी विचारलं.

नूतनने हातातली जुडी खाली ठेवली.

“नही, नाना,” ती म्हणाली.