डाव्या पायाचं माप घ्यायला नागपूरला

फवारणीचा ढकलगाडा, विहिरीवरच्या पंपाची पेटी, लेकीचा पाळणा आणि आता ही पायाचा तोल मोजायची, तीन बाजूंना हात काढलेली सागवानी फळी. सगळं माझ्या हातचं, कुणाकडे न शिकता केलेलं. फळीच्या मध्यावर एका पायाने उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाने तिन्ही हातांवरचे ठोकळे जमेल तितके लांब सरकवायचे. तोल गेला किंवा उभ्या पायाची टाच उचलली, की माप बाद. मिलिमीटरच्या खुणा मी ब्लेडने कोरल्या आहेत.

माझी सोळा वर्षांची आरती कबड्डी खेळते. तिचा डावा गुडघा दुखावला होता आणि रविवारी मौद्याला सामने होते. उतरायचं की नाही, हे नागपूरच्या फिजिओ मॅडम ठरवणार होत्या. त्यांची फळी मोडलेली, म्हणून मी माझीच घेऊन निघालो.

नरखेडहून एसटी काटोलमार्गे जाते. सकाळची पकडा, बसायला मिळतं. बायकांच्या सवलतीत आरतीचं तिकीट अर्धं. कंडक्टर फळीकडे पाहून म्हणाला, "काहून गा भाऊ, घरचा दरवाजा काढून आणला का?" आरती खिडकीकडे तोंड करून हसत राहिली.

नागपुरात सदरमध्ये तर्री-पोहे खाल्ले आणि दवाखाना गाठला. आणखी चार मुली आल्या होत्या. आधी सराव, मग माप. मदतनिसाने मोजलं, तर आरतीचं डाव्या पायावरचं माप उजव्याच्या बरोबरीला. मी खूश. पण मॅडम म्हणाल्या, एका दिवसाच्या आकड्यावर मी कुणाला मैदानात पाठवत नाही, उद्या परत या. मला लागलंच ते. माझ्या फळीवर शंका? लॉजचे सातशे गेले ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः खाली बसून मोजायला लागल्या. चौघींची मापं जवळपास कालचीच. आरतीचं डाव्या पायावरचं मात्र आठ सेंटिमीटर कमी. मी टेप काढून फळी पुन्हा तपासली. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, माझ्या हातून चूक झालेली असावी. नव्हती झाली.

"काल टाच उचलली होती मी, बाबा," आरती हळूच म्हणाली. "मोजणाऱ्या दादाले दिसली नाही."

"मग मले सांगाचं ना वं माय."

"तुम्ही किती आशेनं पाहून राहिले होते."

मॅडम रागावल्या नाहीत. असं होतं म्हणूनच दोनदा मोजते, म्हणाल्या. सहा आठवड्यांचे व्यायाम लिहून दिले. परतताना काटोल गेल्यावर आरती माझ्या खांद्यावर झोपली. मी खांदा हलवला नाही.

कुणी मुलीला घेऊन जाणार असाल तर दोन दिवसांचे कपडे घ्या, आणि माप चालू असताना बापाने बाहेर बसावं. मी आता तेच करतो.

घरी पोचलो त्या संध्याकाळी मौद्याच्या एका संघाच्या माणसाचा फोन आला. पहिल्या दिवसाचा आकडा त्याच्या कानावर गेला होता. रविवारी एकच दिवस पोरीला उतरवा, म्हणाला, पंधरा हजार रोख देतो. मी नाही म्हणालो.