लाल जॅकेटातला पाठमोरा

तोरुनला नवऱ्याचा एक फोटो हवा होता. चेहऱ्याचा. बास, एवढंच. आणि जिनं अर्धा जन्म फोटो काढण्यात घालवला, तिच्याच घरात तो सापडत नव्हता.

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका पर्यटन मंडळासाठी ती फोटो काढायची आणि त्याखाली दोन ओळी लिहायची. मंडळाचा दंडकच होता: समोर डोंगर, खाली समुद्र आणि मध्ये लाल जॅकेटातला एक पाठमोरा माणूस. चेहरा दाखवायचा नाही. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, तिथे आपणच उभे आहोत! मंडळाला मॉडेल परवडायचा नाही, तेव्हा ते जॅकेट चढायचं स्टाइनारच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या अंगावर. तो शाळेची बस चालवायचा. मुलांना घरोघरी सोडलं की थर्मास घेऊन हा बायकोमागे कड्यावर हजर.

"इथे काळ थांबतो," असं तिनं एका फोटोखाली लिहिलं, तेव्हा तो म्हणाला होता, "काळ थांबतो म्हणे! आपल्यासाठी फेरीबोट तरी कधी थांबलीय का?"

"तू गप उभा राहा. आणि वळू नकोस."

तो वळायचा नाही. गरीब गाय होता बिचारा.

मे महिन्यात होडीला रंग देता देता तो होडीघरातच कोसळला. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अंत्यविधीला चर्चमध्ये वाटायच्या पत्रिकेवर गेलेल्या माणसाचा फोटो लागतो. लग्नातला होता, पण त्यात डोकंभर केस; तो स्टाइनार केव्हाच मागे पडला होता. पासपोर्टवरचा पाहून सासू, बोर्गहिल्ड, उखडलीच.

"हा काय चोर पकडून आणलाय? माझा मुलगा असा दिसत होता?"

"मग तूच सांग, कुठून आणू?"

"तू फोटोवाली ना गं? साऱ्या जगाला डोंगर दाखवलेस. माझ्या लेकाचं तोंड तेवढं सापडेना होय?"

शब्द जिव्हारी लागले. खरे होते, म्हणूनच लागले.

तिनं मंडळातल्या गुडमुंडला फोन केला. त्यानं बिचाऱ्यानं सगळा साठा उपसला. "पाठच आहे गं सगळीकडे," तो म्हणाला. "चेहऱ्याचे आपण ठेवायचोच नाही ना. तूच काढून टाकायचीस."

आणि मग तिला आठवलं. मागच्या सप्टेंबरात, कड्यावर, तो वळला होता. एकदाच. नाक लाल झालेलं, हातात कप, तोंडभर हसू. "तोरुन, कॉफी गार होतेय, ये ना!" नेमकी तेव्हाच कळ दाबली गेली. "फ्रेम वाया घालवलीस!" म्हणून ती त्याच्यावर खेकसली आणि तिथेच, वाऱ्यात उभ्या उभ्या, तिनं तो फोटो पुसून टाकला. आता स्वयंपाकघरात फतकल मारून ती ओक्साबोक्शी रडली.

शेवटी पत्रिकेवर पाठमोराच फोटो छापला. बोर्गहिल्डनं तो बराच वेळ हातात धरला, खांद्यावरून बोट फिरवलं.

"डावा खांदा खाली. लहानपणापासून असाच चालायचा मेला," ती म्हणाली. "तोच आहे. हुबेहूब."

चर्चमध्ये ज्याच्या त्याच्या हातात लाल जॅकेट होतं. आणि जो तो नकळत पत्रिका उलटून बघत होता. मागे फक्त म्हणायची स्तोत्रं होती.

उन्हाळा आला. मंडळानं धक्क्यावर नवं मोठं पोस्टर लावलं, तोच कडा आणि तोच माणूस. गुडमुंडनं आधी विचारलं होतं. ती हो म्हणाली होती. खाली तिचीच ओळ: इथे काळ थांबतो. काय बाई लिहून बसलो आपण, असं तिला झालं.

पर्यटक पोस्टरपुढे त्याच्यासारखेच पाठमोरे उभे राहून फोटो काढून घेत होते. ते पांगल्यावर ती अगदी जवळ गेली.

"स्टाइनार," ती म्हणाली, "वळ ना रे. आता वळलास तरी चालेल."

फेरीबोटीचा भोंगा झाला. लोक चढले. ती तिथेच उभी होती. आणि तो, जन्मभर बायकोचं ऐकत आलेला, अजूनही तिचं पहिलंच सांगणं पाळत होता.