चेअरमनचं तिकीट

मनकर्णाबाई नांदूरघाटाजवळच्या एका महिला दूध संस्थेच्या चेअरमन होत्या. दुष्काळात टँकर दोन दिवसांआड यायचा, तरी त्यांनी दूध संकलन एक दिवस बंद पडू दिलं नव्हतं. त्याचाच पुरस्कार घ्यायला दिल्लीचं बोलावणं आलं. सोबत जिल्ह्याचे एक साहेब जाणार होते. साहेबांचं तिकीट निघालं विमानाचं, बाईंचं रेल्वेचं.

बाईंनी थेट ऑफिस गाठलं. "साहेब, इमानानं दिल्लीला किती येळ लागतो?"

"औरंगाबादहून हजार किलोमीटर. दोन तास."

"आन् मला जाऊन-येऊन चार दिस. टँकर माझ्या माघारी यायचा, पाणी कुणी भरून घ्यावं? म्हशींनी काय प्यावं?"

साहेब हसले. "बाई, विमानात तुम्हाला भीती वाटेल."

मनकर्णाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "पंधरा वर्सं उसतोडीला गेले मी. पोटुशी असताना ट्रकात भांड्याकुंड्यांवर बसून कर्नाटकात गेलते. तवा कुणी इचारलं न्हाई, भ्या वाटतं का म्हणून! आताच कावून इचारता?"

रेल्वेचं तिकीट त्यांनी टेबलावर ठेवलं आणि निघून आल्या.

साहेब एकटेच विमानानं गेले. पण पुरस्कार बाईंच्या नावाचा, त्यामुळं दिल्लीवाल्यांनी तो साहेबांच्या हाती दिला नाही. महिन्याभरानं तो पार्सलनं गावात आला. बाया टाळ्या वाजवू लागल्या.

"थांबा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आदी दिल्लीला अर्ज लिवा. पुढच्या बारीला चेअरमनचं तिकीट साहेबाच्या शेजारचं पायजे."

आणि पहिली सही त्यांनीच ठोकली.