शेकाटे, मुरूम आणि आमची घोषणा

घोषणा देऊन आजवर एकही पक्षी वाचलेला नाही. हे मी, तलाव बचावाची पत्रकं वाटत गावभर हिंडणारी बाई, स्वानुभवाने सांगते आहे.

सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात तलावाचा काठ मुरूम टाकून बुजवायचं घाटत होतं. कशासाठी? तर लग्नाच्या लॉनची पार्किंग! (वऱ्हाड्यांच्या गाड्यांना जागा हवी, पाखरांनी कुठेही मरावं!) ग्रामसभेत मी तावातावाने बोलले. सरपंच म्हणाले, "तेथी पाखरं रायतेत म्हनतेस, त दाखव ना बाई! फोटो आन."

पळस झडायला लागला होता. लाल काडीपायांचे शेकाटे पक्षी काठच्या उथळ पाण्यात अजून चिखल टोचत होते. पाणी आटलं की तेही जाणार. उसना कॅमेरा घेऊन मी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आड पालथी पडले. मागे आई आणि काका. त्यांना कशाला? साक्षीदार म्हणून! (आंदोलनाला साक्षीदार हवेतच, असं माझ्याच पत्रकात छापलंय.)

"काका, हलू नका!"

"मी कुठी हलून राहिलो? मुंग्या चावून राहिल्या मले!"

"काहून आनलं व आमाले येथी?" आई कुजबुजली.

"आई, श्शू!"

शेकाटे जवळ आले. आणखी जवळ. चोच, पाय, पाण्यातली सावली, सगळं कॅमेऱ्यात! बोट बटणावर गेलं आणि पलीकडून मुरमाचा ट्रॅक्टर आला.

शहाण्या बाईने बटण दाबलं असतं. मी ताडकन उभी राहिले, मूठ वर केली आणि ओरडले, "तलाव कोणाचा?"

"पाखरांचाऽऽ!" मागून आई आणि काका गरजले. (हे मीच त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. एरवी दहा हाका मारल्या तरी ओ न देणारे काका!)

अख्खा थवा उडाला. घाईत बटण दाबलं, तर फोटोत आलं रिकामं पाणी आणि माझ्या खांद्यावरून पुढे घुसलेली आईची मूठ.

ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक मारला. "काय झालं वो ताई? साप निंगाला का?"

मग रोज सकाळी जात राहिले. शेकाटे आले नाहीत. ग्रामसभेत सरपंचांनी फोटो उलटसुलट करून पाहिला.

"पाखरं कुठी हायेत?"

"उडाली."

"कोनं उडवले?"

"आमीच," काका म्हणाले. (साक्षीदार इतका प्रामाणिक नसावा!)

काठ बुजला. आता तिथे टायरच्या खुणा आहेत. तिथून जाताना मी अजूनही मान वळवते.

परवा तोच ट्रॅक्टरवाला भेटला. "ताई, तुमच्या घरच्यायचा आवाज लय दमदार हाये. आमच्या उन्हाळी धानावर पाखरं हाकलाले येता का?"