मालिकेतून गाळलेलं व्हायोलिन

जामबागच्या एका शाळेत मी संगीत शिकवते. व्हायोलिन वाजवते म्हणून अधूनमधून रेकॉर्डिंगलाही बोलावतात. तीन वर्षांपूर्वी अंतराळावरच्या एका तेलुगू मालिकेच्या पार्श्वसंगीतासाठी बोलावणं आलं. एक यान, त्यात सहा माणसं, परतीचा मार्ग बंद, एवढीच गोष्ट आम्हाला सांगितली होती. चित्र कुणी दाखवलंच नाही. समोरच्या कागदावर 'दार उघडतं', 'ऑक्सिजन कमी' असं लिहिलेलं असायचं आणि आम्ही आठ वादक तेवढंच वाजवायचो.

शेवटच्या दिवशी संगीतकाराने मला एकटीला थांबवून घेतलं. यानातल्या बाईला पृथ्वीवरून आईचा निरोप येतो, तिथे त्याला नुसतं व्हायोलिन हवं होतं. चाळीस सेकंदांचा तुकडा. पाचव्यांदा वाजवला तेव्हा काचेपलीकडून तो हात वर करून 'झालं' म्हणाला.

मी शाळेत, नात्यात सगळ्यांना सांगून ठेवलं. मालिका आली तशी दर रविवारी तारनाक्याला वडिलांकडे जाऊन बघायला लागले. वडील मूळचे नांदेडकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. सहाव्या भागात तो निरोप आला. पडद्यावर आईचा चेहरा, आणि मागे फक्त यंत्राची घरघर.

"तुझं कुठंय?" वडिलांनी विचारलं.

"काढलं वाटतं."

"मागं घेऊन बघ. मला हल्ली बारीक ऐकू येत नाही."

मागं घेतलं. नव्हतंच. वडील चहा ठेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी संगीतकाराला फोन केला. "मॅडम, आपकी कुछ गलती नहीं. डायरेक्टरकू वहाँ चुप्पी होना था," तो म्हणाला. मी रागानेच फोन ठेवला. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये तो प्रसंग पुन्हा पाहिला. त्या घरघरीत ती बाई खरोखर एकटी वाटत होती. दिग्दर्शकाचं बरोबर होतं, हे मला जास्त लागलं.

गेल्या वर्षी त्या पार्श्वसंगीताचा अल्बम निघाला. चौतीस छोटे तुकडे, त्यात माझाही, खाली माझ्या नावासकट. संगीतकाराने लिंक पाठवली. मी तशीच तारनाक्याला गेले आणि वडिलांच्या कानाला हेडफोन लावला.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "काढायला नको होतं."

"त्या प्रसंगाला जड झालं असतं, बाबा."

"हौ, पण काढायला नको होतं."

मग तो तुकडा त्यांनी आपल्या मोबाईलवर घालून घेतला. सकाळी विद्यापीठाच्या रस्त्यावर फिरताना सोबतच्या तिघांनाही ऐकवला म्हणे. हे त्यांनी मला सांगितलं नाही. त्या तिघांतले एक निवृत्त वकील बाजारात भेटले, त्यांनी सांगितलं.

"छान वाजवता," ते म्हणाले, "पण पुढचं कडवं कुठंय?"